गाणं बदललं की आवाज का उसळतो? पेनड्राइव्हपासून मोबाइलपर्यंत आवाज सारखा करण्याची रीत

पेनड्राइव्हवर जुन्या भावगीताच्या पाठोपाठ नाशिक ढोलचं रेकॉर्डिंग असेल, तर मुंबईला जाताना कसारा घाटात एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा आवाजाच्या बटणावर, हे ठरलेलंच. दोष गाडीच्या स्पीकरचा नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांत हळू आणि मोठ्या सुरांतला फरक राखलेला असे. सीडी आल्यावर, विशेषतः नव्वदच्या दशकापासून, आपलं गाणं दुसऱ्यापेक्षा दणदणीत वाजावं म्हणून हळू भागही वर उचलायची चढाओढ लागली. दोन्ही काळातली गाणी एका फोल्डरमध्ये आली की आवाज उसळणारच.

यावर २००१ साली डेव्हिड रॉबिन्सन यांनी ‘रीप्लेगेन’ नावाची पद्धत मांडली. सॉफ्टवेअर आधी अख्खं गाणं तपासतं, कानाला ते किती मोठं लागेल याचा हिशेब करतं आणि किती डेसिबल कमी-जास्त करायचं तो आकडा फायलीच्या टॅगमध्ये, म्हणजे गायक-अल्बमची नावं जिथे नोंदलेली असतात तिथे, लिहून ठेवतं. मूळ ध्वनीला हात लागत नाही. वाजवताना प्लेअर तो आकडा वाचून आवाज जुळवून घेतो.

विंडोजवर यासाठी फूबार२००० हा मोफत प्लेअर घ्या. दिसायला रुक्ष आहे, पण या कामात वाकबगार. गाण्यांचं फोल्डर त्यात ओढून टाका, सगळी गाणी निवडा, राइट क्लिक करून ‘रीप्लेगेन’मध्ये जा आणि ‘स्कॅन पर-फाइल ट्रॅक गेन’ दाबा. मोजणी झाली की प्रत्येक गाण्यापुढे आकडा येतो: दणदणीत रीमिक्सपुढे उणे नऊ-दहा, जुन्या हळू गाण्यापुढे कधी अधिक दोन-तीन. ‘अपडेट फाइल टॅग्ज’ दाबलं नाही तर ही मेहनत वाया जाते.

मग ‘फाइल’, ‘प्रेफरन्सेस’, ‘प्लेबॅक’. तिथे सोर्स मोड ‘ट्रॅक’ ठेवा आणि प्रोसेसिंगमध्ये ‘अप्लाय गेन अँड प्रिव्हेंट क्लिपिंग’ निवडा, म्हणजे उचललेला आवाज फाटणार नाही. त्याच पानावर न मोजलेल्या गाण्यांसाठी वेगळी पट्टी असते. ती उणे सात-आठवर आणून ठेवा, नाहीतर काल डाउनलोड केलेलं एखादं गाणं मधेच कानठळ्या बसवेल.

आता शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी. विलंबित ख्याल एका फायलीत आणि त्याच रागातला द्रुत दुसऱ्या फायलीत असेल, तर ‘ट्रॅक’ मोड दोन्ही एका पातळीवर आणून बसवतो आणि मैफल चढत जाण्याची गंमतच जाते. अशा अल्बमच्या फायली एकत्र निवडून ‘स्कॅन सिलेक्शन अ‍ॅज सिंगल अल्बम’ करा आणि ऐकताना सोर्स मोड ‘अल्बम’ ठेवा. सगळ्या फायलींना एकच आकडा लागतो, आतले चढउतार शाबूत राहतात. मिसळीच्या दुकानात लावायच्या सरमिसळ यादीला ‘ट्रॅक’ बरा, अख्ख्या मैफलीला ‘अल्बम’च.

व्हीएलसी प्लेअर वापरणाऱ्यांनी ‘टूल्स’, ‘प्रेफरन्सेस’, ‘ऑडिओ’ उघडावं. तिथे ‘रीप्ले गेन मोड’ आहे, पण तो आधी लिहिलेले टॅग फक्त वाचतो. मोजणी फूबारमध्येच उरकून घ्या. शेजारचं ‘नॉर्मलाइझ व्हॉल्यूम’ मात्र वेगळं प्रकरण. ते वाजता वाजताच आवाज खालीवर करतं. सिनेमातली पुटपुट ऐकू यायला ठीक, गाण्याला मी ते लावणार नाही: तानपुरा एकटा वाजत असताना तोही उगाच मोठा होऊ शकतो.

गाडीचा स्टिरिओ सहसा हे टॅग वाचत नाही. पेनड्राइव्हसाठी ‘एमपी३गेन’ वापरा. हे सॉफ्टवेअर एमपी३ फायलीच्या आतला पातळीचा आकडाच बदलतं, दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी. गाणं पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा घसरत नाही. फोल्डर टाका, ‘ट्रॅक अ‍ॅनालिसिस’ करा, मग ‘ट्रॅक गेन’. लक्ष्य आधीपासून ८९ डेसिबलवर असतं. गाडीत ते कमी वाटतं म्हणून लोक थेट ९८ करतात आणि क्लिपिंगच्या रकान्यात लाल खुणांची रांग लागते. त्यापेक्षा ८९ राहू द्या आणि स्टिरिओचं बटण थोडं पुढे सरकवा. देवनागरी नावाच्या फायली उघडायला कुरकुर झाली तर नावं रोमन लिपीत करून घ्या. बदल नको वाटला तर ‘अनडू’ची सोय आहे, तरी मूळ संग्रह बाजूला ठेवून प्रतीवरच काम करा.

मोबाइलवर फार खटपट नाही. स्पॉटिफायमध्ये ‘ऑडिओ नॉर्मलायझेशन’ चालू करून पातळी ‘नॉर्मल’ ठेवा. आयफोनच्या म्युझिक अ‍ॅपसाठी ‘साउंड चेक’ चालू करा. अँड्रॉइडवर स्वतःच्या फायली ऐकत असाल तर पॉवरअ‍ॅम्प हा प्लेअर रीप्लेगेनचे टॅग वाचतो, फक्त ती सोय सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते.