ओट्स आणलेत, आता करायचं काय? पाकीट वाचण्यापासून आंबिलीपर्यंत

आईचं कोलेस्ट्रॉल वाढलं, डॉक्टरनी ओट्स खायला सांगितलं आणि घरात गोंधळ सुरू. शेजारच्या कन्नड अक्का म्हणाल्या ही जवेगोधीच की, भावानं मोबाईलवर हिंदीत जई वाचलं आणि बाजारातून जवस घेऊन आला. म्हणून आधी नावं नीट करून घेऊया. जव म्हणजे बार्ली, तीच अक्कांची जवेगोधी. जवस म्हणजे अळशी, ते तेलबी. जई म्हणजे ओट, उत्तरेकडं थंडीत जनावरांच्या चाऱ्यासाठी पेरतात ती.

इंग्लिशमध्ये व्हीट, राईस एकवचनी पण हे मात्र कायम ओट्स, म्हणून आपण पण ओट्स घातले असंच म्हणतो. जर्मनमध्ये ह्याला हाफर म्हणतात. घोडेस्वार घोड्याचं हे खाणं ज्या पिशवीत न्यायचे ती हाफरझाक, आणि आपल्या कॅम्पात जवानांच्या खांद्याला असते ती हॅवरसॅक त्यावरूनच आली. मला हे कळल्यावर फार भारी वाटलं.

आता पाकीट बगा. स्टील कट म्हणजे दाण्याचे तुकडे, आपल्या लापशी रव्यासारखे, शिजायला अर्धा तास तरी लागतो. रोल्ड म्हणजे वाफवून पोह्यासारखे चपटे केलेले. इन्स्टंट त्याहून पातळ, दोन-तीन मिनिटात होतात पण शुगर पण लवकर वाढवतात, म्हणून घरात डायबेटीस असेल तर पहिले दोनच घ्या, आणि मसालेवाली पाकिटं नकोत, त्यात मीठ लई असतं. व्हिडिओत ओटमील म्हटलं तर अमेरिकन बाई शिजवलेली लापशी म्हणत असते आणि ब्रिटिश माणूस भरड पीठ, तेवढं ध्यानात ठेवा.

ओट्समध्ये फॅट बाकीच्या धान्यांपेक्षा जास्त, दळून तसंच ठेवलं तर कडवट होतं म्हणून फॅक्टरीत आधीच वाफवतात. बाबांनी पाकिटातले परसात टाकून बघितले, एक पण उगवला नाही, तो ह्यामुळंच.

चिकट का होतात? बीटा-ग्लुकन नावाचा फायबर पाण्यात विरघळून बुळबुळीत होतो, आणि कोलेस्ट्रॉल कमी करायला तोच मदत करतो, त्यामुळं धुवून घालवू नका. उप्पीट करताना ओट्स आधी कोरडे खमंग भाजा, वाटीला पाऊण वाटीच पाणी घाला, मोकळं होतं.

आणि आंबील, आमच्यात आता नाचणीच्या जोडीला ही पण होते. अर्धी वाटी रोल्ड ओट्स भाजून, गार करून मिक्सरला फिरवा. त्यातलं तीन चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात कालवा, गारच हं, गरमात टाकलं की गुठळ्या झाल्याच. दोन वाट्या पाणी उकळलं की त्यात हे ओतत ढवळत राहा, पाच मिनिटं. गार होताना आणखी दाट होते म्हणून गॅसवर पातळच ठेवा. पूर्ण गार झाल्यावर वाटीभर ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ, कोथिंबीर. गरमात ताक घातलं तर फाटतं.

कोलेस्ट्रॉलसाठी दिवसाला 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन लागतं, म्हणजे साधारण 60 ते 75 ग्रॅम कोरडे ओट्स. एका पेल्यात तेवढं होत नाही, म्हणून आईला सकाळी उप्पीट आणि दुपारी आंबील असं देतो आम्ही, आणि डॉक्टरनी दिलेली गोळी चालूच आहे.