लेजंडरी शस्त्र देताय? या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा भूमिका वठवण्याचा खेळ खेळवणाऱ्या डीएम (डंजन मास्टर) मंडळींकडून एक तक्रार सतत ऐकू येते: लेजंडरी, म्हणजे फार वरच्या दर्जाचं जादुई शस्त्र दिलं आणि खेळातली मजाच गेली. माझ्या मते यात शस्त्राचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा त्याच्या अटी कुणी धड वाचलेल्या नसतात. इथे २०१४ चे, म्हणजे पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम धरले आहेत.

सगळ्यात महाग पडते ती घाई. नियमपुस्तक लेजंडरी वस्तू १७ व्या लेव्हलच्या आसपास सुचवतं, पण हौसेपोटी +३ बोनस देणारी लेजंडरी तलवार तिसऱ्या लेव्हललाच दिली जाते. मग काय होतं ते पाहा. गॉब्लिन या किरकोळ शत्रूचा आर्मर क्लास (वार बसायला गाठावा लागणारा आकडा) १५, हिट पॉइंट (जीव) ७. वीस बाजूंच्या फाशात ५ मिळवून वार करणाऱ्या फायटरचे (योद्ध्याचे) साध्या लाँगसोर्डने ५५ टक्के वार बसतात, +३ तलवारीने ७० टक्के. शिवाय डॅमेज १डी८+३ (आठ बाजूंचा एक फासा अधिक ३) वरून १डी८+६ वर जातं. म्हणजे फाशावर १ पडला तरी ७ होतात आणि बसलेला प्रत्येक वार गॉब्लिनला आडवा करतो. चकमकीत रंगत उरणार कशी?

शस्त्र देऊन बसला असाल तर चोर पाठवून ते पळवू नका. खेळाडूचा तुमच्यावरचा विश्वास उडेल. त्यापेक्षा त्याच्याशी मोकळेपणाने बोला आणि तलवारीची ताकद सध्या निद्रिस्त आहे असं ठरवा. २०२० च्या वाइल्डमाउंटच्या पुस्तकात अशी शस्त्रं आहेत. त्यांची ताकद तीन टप्प्यांत जागी होते आणि बोनस +१, +२, +३ असा वाढतो. हाच मार्ग मला सगळ्यात आवडतो, कारण शस्त्र पात्राबरोबर मोठं होतं.

व्हॉर्पल सोर्ड या लेजंडरी तलवारीबद्दल गैरसमज फार. थेट २० पडला की मुंडकं उडतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण लेजंडरी ॲक्शन्स (इतरांच्या पाळीनंतर करता येणाऱ्या जादा कृती) असलेल्या शत्रूला ते लागू नाही हे विसरलं जातं. प्रौढ ड्रॅगन किंवा लिचला (मरूनही वावरणाऱ्या जादूगाराला) फक्त ६डी८ जादा डॅमेज बसतं, सरासरी २७. मोहिमेचा शेवट एका फाशात उरकत असेल तर आधी हे तपासा.

अट्यूनमेंटचंही, म्हणजे जादुई वस्तूशी पात्राची नाळ जोडण्याचंही तसंच. एका वेळी तीनच वस्तू, आणि प्रत्येकीसाठी वेगळा शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती). होली ॲव्हेंजर तलवार फक्त पॅलाडिनला (धर्मयोद्ध्याला) चालते, आणि तिचा दहा फुटांचा ऑरा (संरक्षक वलय) तलवार उपसून हातात धरली असेल तरच. हॅमर ऑफ थंडरबोल्ट्सची पूर्ण ताकद हवी तर जायंट स्ट्रेंग्थचा पट्टा आणि ओगर पॉवरचे हातमोजे अंगावर हवेत. त्या दोघांनाही अट्यूनमेंट लागतं, म्हणजे तिन्ही जागा भरल्या.

ब्लॅकरेझरसारखी बोलती तलवार मुकी ठेवणं तर फारच वाईट. १९७९ च्या व्हाइट प्लूम माउंटनमधली ही तलवार आत्मे गिळते. तिला स्वतःची इच्छा आहे. मालक तिच्या मनाविरुद्ध वागला की दोघांचा करिश्मा चेक (व्यक्तिमत्त्वाच्या जोरावरची फाशांची झुंज) लावा. ती जिंकली तर तिला काहीतरी मागू द्या. मागणी धुडकावली तर ती ताबा घेऊ पाहील आणि ते टाळायला मालकाला करिश्मा सेव्हमध्ये किमान १६ गाठावे लागतील. अनडेडवर (मरूनही चालत्या-फिरत्या शत्रूवर) वार बसला तर उलट मालकालाच १डी१० डॅमेज होतं आणि समोरच्याचे १डी१० हिट पॉइंट भरून येतात. हे खेळाडूला लढाईतच कळू द्या, आधी सांगू नका.