प्रभुभोजनाआधी माफी मागायची असेल तर

प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीला, बसण्याआधी बोलणं तुटलेल्या माणसाच्या घरी जाऊन माफी कशी मागायची, एवढंच इथं सांगणार आहे. प्रार्थना करा, मन शांत करा, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते धरूनच चालते.

मिरजेत मंडळीतलं, म्हणजे चर्चच्या माणसांतलं, भांडण दोघांपुरतं राहतच नाही. १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभं राहिलं आणि त्याच्या आजूबाजूला आमची वस्ती वाढली. कुणाची आई नर्स, कुणाचे वडील कंपाउंडर, त्यांच्याच पोरापोरींची एकमेकांत लग्नं. एकीला बोललं की तिची नणंद, नणंदेची विहीण आणि शब्बाथ शाळेतली (चर्चमधल्या पोरांच्या बायबलवर्गातली) नात, सगळ्यांचा सलाम बंद. तिकडं साताऱ्यात ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही त्यात बसावेत म्हणून. आम्ही अभिमानानं सांगतो ते. आणि इथं एका बाकावर बसणाऱ्या दोघी वर्षभर एकमेकींकडं बघत नाहीत.

या कामात मी बरीच वर्षं मध्यस्थी केली आहे, आणि त्याआधी स्वतः चांगली तोंडावर आपटले आहे.

कुणी जायचं?

तुम्ही. मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो, अर्पण आणलंय आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी जा. अठराव्या अध्यायात सांगतो, भावानं तुझा अपराध केला तर तू जा आणि दोघंच असताना त्याला सांग. म्हणजे चूक माझी असली तरी मीच जायचं आणि त्याची असली तरी मीच. ‘तिनं आधी यायला पाहिजे’ याला पवित्र शास्त्रात कुठं जागा सापडली, तर मलाही कळवा.

एक अपवाद आहे आणि तो ठासून सांगते. घरात मारहाण होत असेल, कुणी पैशाला फसवत असेल, पोरीबाळींना त्रास देत असेल, तर त्रास सोसणाऱ्याला ‘तूच जा, समेट कर’ म्हणून एकटीला पाठवू नका. तिथं पोलीस लागतात, वकील लागतो, तिच्या बाजूनं उभं राहणारी चार माणसं लागतात. हा लेख शब्दांनी झालेल्या जखमांपुरता आहे.

कधी, कुठं

त्यांच्या घरी, आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारी साडेचारच्या सुमारास. नळाला पाणी यायची वेळ टाळा. रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या दारात तर अजिबात नको. तिथं समोरच्याला हसावंच लागतं, आणि ते हसू म्हणजे क्षमा असा आपण समज करून घेतो. एकटे जा. पाळकसाहेबांना सोबत नेलंत तर ती माफी राहत नाही, पंचायत होते.

हातात काही नेऊ नका. सांगलीच्या माणसाला रिकाम्या हातानं कुणाकडं जाणं जड जातं, हे खरं. पण भडंगाचा पुडा पुढं केलात की बाई आधी डबा शोधायला आत जाते, आणि तुम्ही पाठ केलेलं वाक्य तिथंच विरतं.

वाक्य

आता खरं अवघड काम. इथं मी नऊ महिने घालवले.

झालं असं. नाताळच्या आधी आमच्या महिला मंडळाचा फराळ विकायला असतो. एका मावशींकडं किराण्याचा हिशेब होता. चकल्या तळणं चाललं होतं. माझा हिशेब अकराशे पन्नास रुपयांनी जुळेना. मी सगळ्यांदेखत म्हणाले, ‘मावशी, एवढं तेल लागतं होय? का थोडं घरी पण गेलं?’ मावशींनी झारा कागदावर ठेवला. गॅस बंद केला. पदराला हात पुसले, एकेक बोट. आणि चप्पल घालून निघून गेल्या. कढईत चार चकल्या तशाच तरंगत होत्या.

जानेवारीत पावती सापडली. माझ्याच उपासना संगीताच्या पुस्तकात होती. मीच ठेवली होती, खूण म्हणून.

फेब्रुवारीत, प्रभुभोजनाच्या रविवारी, चर्चच्या दारात मी त्यांना गाठलं आणि म्हणाले, ‘मावशी, तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी हं. त्या दिवशी माझं बीपी वाढलेलं, तोंडातून निघून गेलं.’ मावशी म्हणाल्या, ‘मला कशाला वाईट वाटंल? सलाम.’ पुढच्या रविवारपासून त्या डावीकडच्या बाकावर बसायला लागल्या.

मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की मी माफी मागितली, आता त्यांचं त्या बघतील. कुठं चुकलं ते कळायला शास्त्र पुन्हा उघडावं लागलं. पवित्र शास्त्रात माफीचे चांगले नमुने आहेत आणि भिकारही आहेत, आणि शिकायला भिकार जास्त कामाचे.

निर्गम ३२ मधला, मोशेचा भाऊ अहरोन बघा. सोन्याचं वासरू त्यानंच घडवलेलं. मोशेनं जाब विचारला तर म्हणतो काय, की लोकांनी सोनं दिलं, मी ते अग्नीत टाकलं आणि हे वासरू निघालं. निघालं! आपोआप! मीही तेच केलं होतं. तोंडातून निघालं. मराठीत ही सोय फार आहे: बोललं गेलं, चूक झाली, गैरसमज झाला, विषय निघाला. सगळं घडतं, करणारा कुणीच नाही. माफीच्या वाक्यात ‘मी’ हा कर्ता नसेल तर ते वाक्य घेऊन उंबरा ओलांडू नका. ‘चूक झाली’ नाही. ‘मी चुकले’ हे बरं, पण तेही मोघम. ‘मी तुम्हाला चोर ठरवलं’ हे बरोबर.

दुसरा शौल राजा, देवाची आज्ञा मोडलेला, १ शमुवेल १५. मी पाप केलं असं तो म्हणतो, पण लगेच लोकांच्या भीतीचं कारण पुढं करतो. आणि वर शमुवेल संदेष्ट्याला विनवतो की वडीलजनांसमोर माझा मान राख. कारण आणि अब्रू, दोन्ही एकाच दमात. माझं बीपी म्हणजे शौलाचे लोक. बीपी खरंच वाढलं होतं, पण मावशींना त्याचं काय?

याच्या उलट दावीद राजा, दुसऱ्याची बायको घेतलेला. नाथान संदेष्टा त्याला गरीब माणसाची कोकरी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो, तो माणूस तूच असं तोंडावर म्हणतो, आणि दावीद कबूल करतो की मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. मूळ हिब्रूत हे दोनच शब्द आहेत. कारण नाही, खुलासा नाही.

आणि लूक १५ मधला, बापाचा पैसा उधळून बसलेला धाकटा मुलगा. तो डुकरांमध्ये बसून वाक्य तयार करतो, हे आपण वाचताना पुढं निघून जातो. स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्याविरुद्ध पाप केलं. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही. मला मोलकऱ्यासारखं ठेवा. एवढंच त्यानं ठरवलं होतं. ‘जर’ नाही, ‘पण’ नाही, थोरल्या भावाचं नाव नाही, दुष्काळ खरोखर पडला होता तरी दुष्काळाचं नाव नाही. गंमत म्हणजे तिसरं वाक्य बोलायची वेळच येत नाही, बाप मध्येच अंगरखा आणायला सांगतो. तेव्हा पाठ करून गेलं तर ते खोटं वाटतं, असं जे म्हणतात त्यांचं ऐकू नका. ऐनवेळी जे मनातून येतं ते बहुतेक वेळा स्वतःची बाजूच असते.

म्हणून वाक्य कागदावर लिहा. मग ‘जर’, ‘असेल तर’, ‘पण’, ‘खरं तर’ हे शब्द शोधून खोडा. काय म्हणालात ते लिहा, अगदी तेच शब्द. कुणासमोर म्हणालात ते लिहा. मी लिहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट वर आली, जी मी स्वतःलाही सांगितली नव्हती. शेवटी नोव्हेंबरात, एका बुधवारी, त्यांच्या पुढच्या खोलीत मी हे म्हणाले:

‘मावशी, गेल्या नाताळात सात-आठ बायकांसमोर मी तुम्हाला चोर ठरवलं. तुम्ही पैसे घेतले नव्हते. पावती मला जानेवारीतच सापडली होती. माझ्याच पुस्तकात होती, आणि मी कुणाला सांगितलं नाही. मी तुमच्याविरुद्ध पाप केलं.’

चकलीच्या वेळची जीभ घसरली होती, मान्य. पण पावती दाबून दहा महिने गप्प बसणं, ते घसरणं नव्हतं. याकोबाचं पत्र जिभेला आग म्हणतं. गप्प बसूनही ती आग तेवत ठेवता येते, हे मला त्या पावतीनं शिकवलं.

मग गप्प बसा

हा भाग वाक्याहून फार सोपा नाही. मावशी चाळीस मिनिटं बोलल्या. चकल्यांवर पाचेक मिनिटंच बोलल्या असतील. बाकी सगळं जुनं होतं. २००५ च्या पुरात त्या सांगलीत होत्या, घरात छातीइतकं पाणी, आणि मी बघायला आले नव्हते. मी आले होते! दोनदा! दार बंद होतं. हे ओठांवर आलं आणि मी समोरच्या फरश्या मोजत बसले. नीतिसूत्रे १८:१३ म्हणतं, ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा आहे. आणि मला वाटतं पूर्ण ऐकून झाल्यावरही त्या दिवशी उत्तर द्यायची गरज नसते. पुराचा खुलासा मी सहा महिन्यांनी दिला, चहा पिताना, आणि त्या म्हणाल्या, ‘मग चिठ्ठी टाकायची.’

रडू नका. हे कठोर वाटेल. तुम्ही रडलात की समोरच्या बाईला उठून तुम्हाला पाणी द्यावं लागतं, पाठीवरून हात फिरवावा लागतो. ज्याला लागलंय त्यालाच मलमपट्टी करायला लावता.

‘मग, माफ केलंत ना?’ असंही विचारू नका. ही पोच मागणं झालं. ‘सत्तर वेळा सात क्षमा कर’ हा दाखला तर तुमच्या तोंडून शोभतच नाही. तो दाखला प्रभूनं ज्याला क्षमा करायची आहे त्याच्यासाठी दिला, ज्याला क्षमा हवी आहे त्याच्या हातात वसुलीसाठी नाही. मावशी त्या दिवशी ‘बरं’ एवढंच म्हणाल्या. चहा दिला, साखर जास्त होती, मी सगळा प्यायले.

भरपाई

आठ जणींसमोर बोललात तर आठ जणींसमोर मागं घ्या. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय लुबाडलेलं चौपट परत द्यायला उभा राहिला होता, आपल्याला निदान एकपट तरी द्यायला हरकत नसावी. मी महिला मंडळाच्या सभेत, प्रार्थना सुरू व्हायच्या आधी उभी राहिले. पैसे मावशींनी घेतले नव्हते, पावती माझ्याकडं होती, मी लपवली, असं सांगितलं आणि बसले. मुद्दाम साक्षीच्या वेळी, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायच्या वेळी, उठले नाही. साक्षीत ‘प्रभूनं मला नम्र केलं’ म्हणावं लागतं, आणि गोष्ट मावशींची असताना नायिका मी होते.

प्रार्थनेत टोमणे मारायची आमच्याकडं जुनी चाल आहे, तीही बंद करा. ‘प्रभू, आमच्यातल्या काही बहिणींची मनं मऊ कर.’ डोळे मिटलेले असले तरी कुठली बहीण ते सगळ्यांना कळतं. देवाशी बोलायचं नाटक करून शेजारणीशी बोलू नये. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला क्षमेची वचनं लावणं हाही तोच प्रकार, फक्त फुलांचं चित्र जोडून.

नाहीच जुळलं तर

होतं तसंही. तुमच्याकडून होईल तेवढं करा, रोमकरांस पत्रात पौल एवढंच म्हणतो. सलाम करत राहा, उत्तर आलं नाही तरी. तिच्याबद्दल कुणी विषय काढला तर दुसरा विषय काढा. आणि ‘मी जाऊन आले, तिनंच तोंड फिरवलं’ हे चार घरी सांगत फिरू नका. नऊ महिने मी तेच केलं होतं.

मावशी परत उजवीकडच्या बाकावर आल्या नाहीत. डावीकडं पंखा चांगला लागतो म्हणाल्या. पण त्या डिसेंबरात हिशेबाची वही त्यांनी माझ्यापुढं सरकवली, ‘यंदा तू लिही.’ मी लिहिलं. शेवटच्या दिवशी त्यांनी चष्मा लावला आणि माझ्यासमोर, सगळ्या बायकांसमोर, एकेक पावती दोनदा मोजली. मला राग आला नाही. थोडा आला.