ट्रॅव्हल फेलोशिपवर लिहायला निघालात? या चुका टाळा

बडोद्यातल्या कॉलेजच्या मुलांचे फेलोशिपचे, म्हणजे प्रवास करून लिहायला मिळणाऱ्या पैशांसाठीचे, प्रस्ताव वाचताना एक गोष्ट सारखी दिसते, विषय एवढा मोठा घेतलेला असतो की अर्धं आयुष्य पुरायचं नाही. "गायकवाडी राज्यातली (म्हणजे जुन्या बडोदे संस्थानातली) मराठी माणसं" हे ऐकायला भारीच, पण जरा नकाशा उघडून बघा ना, अमरेली पार काठियावाडात, कडी उत्तरेला, नवसारी खाली दक्षिणेला, हे सगळे त्याच राज्याचे प्रांत आणि मध्ये दुसऱ्यांचा मुलूख! एका सुट्टीत होतच नाही हे. त्यापेक्षा अमरेलीतल्या दोन-तीन मराठी घरांत आज कोणती भाषा चालते एवढंच घ्या. विषय एका वाक्यात सांगता येत नसेल तर अर्ज पाठवूच नका, अजून थोडं थांबा.

दुसरं म्हणजे "तिथे गेल्यावर बघू". समजा तमिळनाडूतल्या तंजावरच्या मराठ्यांवर लिहायचंय. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं आहेत, मोडी कागद आहेत, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसल्यांचा इतिहास आहे, खजिनाच आहे तो. पण मोडी येत नसेल तर त्या कागदांसमोर बसून करणार काय? निघायच्या काही महिने आधीपासून शिका, रोज थोडं वाचलं की वळणं ओळखीची व्हायला लागतात. ग्रंथालयाला आधीच ईमेल करा, डिपार्टमेंटचं पत्र घ्या, फोटो काढू देतात का ते विचारून ठेवा. आणि तारखा बघा हो! उत्तरायण म्हणजे संक्रांत आणि दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणला आपल्याकडे सगळं बंद असतं हे माहीत असतं, पण तिकडे त्याच दिवसांत पोंगल असतो आणि तो चांगला चार दिवस चालतो, हे बऱ्याच जणांच्या तिकीट काढल्यावर लक्षात येतं.

बिलांचे फोटो रोजच्या रोज काढा, त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं उडतात.

आता माझ्या मते सगळ्यात नडणारी चूक, "घरी येऊन निवांत लिहू". नाही होत. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तिथे शिकत असतानाच १९१६ मध्ये त्यांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला, परत यायची वाट नाही बघितली. तुम्ही रात्री लॉजवर एक पान तरी लिहाच, कच्चं, चुकांसकट, कोण काय बोललं, कुठे अडखळलं, घरात कसला वास होता, कारण रेकॉर्डिंगमध्ये आवाज राहतो, बाकीचं उडून जातं. रेकॉर्डिंगला आधी परवानगी घ्या आणि फाईलला त्याच दिवशी नाव द्या.

परत येऊन अडकलाच असाल तर सगळं पहिल्यापासून ऐकत बसू नका. जेवताना आईला ज्या माणसाबद्दल सांगत सुटता ना, त्याच्यापासून लिहायला घ्या. ड्राफ्ट झाला की ज्यांनी घरात बसवून माहिती दिली त्यांना फोनवर वाचून दाखवा, नावं, नाती, सालं तेच दुरुस्त करून देतात, आणि सबमिट करायच्या आधी हे झालंच पाहिजे.