खासगी प्रतिष्ठानाकडे अनुदानाचा अर्ज करताना
खानदेशातील संस्थेने खासगी धर्मादाय प्रतिष्ठानाकडे अनुदान मागण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालील नोंदणी, प्राप्तिकराची १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) व ८०जी (देणगीदाराला करसवलत) प्रमाणपत्रे आणि मागील लेखापरीक्षण अहवाल हाताशी ठेवावेत. विश्वस्त बदलले असल्यास ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो; माझ्या पाहण्यात चांगल्या संस्थाही इथेच अडकतात.

प्रस्तावात ‘आदिवासी विकास’ असे मोघम लिहू नये. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यातील नेमका कोणता पाडा, दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मागे राहणारी मुले किती, आणि त्यांच्या जेवणाची व अभ्यासाची जबाबदारी कोण घेणार, हे स्पष्ट मांडावे. अंदाजपत्रकात जीपभाडे संकोच न करता दाखवावे, कारण सातपुड्यातील घाटरस्त्यांवर तो किरकोळ खर्च नसतो.