कुट्टीची मोटार आणायला निघण्याआधी

कुट्टी म्हणजे वैरण बारीक कापायचं मशीन. त्याची मोटार बदलायची तर आधी जुन्या मोटारीवरची माहितीची प्लेट वाचा. डिझेलात भिजवलेल्या चिंधीनं पुसा, अक्षरं दिसत नसतील तर मोबाइलचा उजेड तिरका धरा, पण वाचा. एचपी बघून परत फिरू नका, एचपी घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. वाचायचा तो आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे.

गेल्या फेब्रुवारीत, ज्वारीचा कडबा नुकताच गंजीला लागला होता आणि मोटार जळाली. गोठ्यात चौदा जनावरं. तसाच गाडीला किक मारून तालुक्याला गेलो. दुकानदारानं विचारलं, "किती एचपी?" म्हटलं, पाच. "थ्री फेज?" हो. झाली चौकशी. आरपीएमचं त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. घरी आणून बसवली तर फाउंडेशनची भोकं जुळली, पुली शाफ्टवर लोण्यासारखी गेली. मीच खूश.

आणि इथंच माणूस फसतो. पाच एचपीची 1440ची मोटार आणि 2880ची मोटार, दोन्हींची फ्रेम, म्हणजे बॉडीचं माप, बहुतेक 112 नंबरची, शाफ्ट 28 मिलिमीटरचा. रंगही तोच. बाहेरून ओळखायला काही म्हणजे काही नाही. फरक आत वाइंडिंगमध्ये, म्हणजे तारेच्या गुंडाळीत: चार पोलची (चार चुंबकी टोकांची) 1440, दोन पोलची 2880. सांगणार ती फक्त प्लेट.

माझ्या मोटारीची पुली 5 इंची, कुट्टीच्या चाकाची 15 इंची. म्हणजे चाकाला तिसरा हिस्सा फेरे. 1440 ला 480, आणि त्या दिवशी 960. बटण दाबलं तसा विमान उठल्यासारखा आवाज. पहिली पेंढी आत गेली ती कुट्टी होऊन थेट शेजारच्या आप्पांच्या पत्र्यावर. म्हैस दावं तोडून पळाली. रिले (जादा करंट झाला की मोटार बंद करणारा) पडेपर्यंत पट्ट्याचा वास सुटला होता. बंद करून झाकण उघडलं तर एका पात्याचा बोल्ट दोन आटे सैल आणि झाकणाला आतून चीर. फेरे दुप्पट झाले की पात्याला बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. तो बोल्ट निसटला असता तर पातं कुठं गेलं असतं? पेंढी सारायला समोर माझा पुतण्या उभा होता.

"छोटी पुली लाव, भागेल," असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. माझ्या हिशोबानं ती अडीच इंची बसली असती. एवढ्या लहान पुलीवर बी मापाचा पट्टा नीट वाकत नाही. घसरतो, तापतो, आठवड्यात चिरतो.

तेव्हा आरपीएम. वहीत लिहा, मोबाइलमध्ये फोटो काढा. कंपनीगणिक 1430, 1450 असं दहा-वीसनं इकडंतिकडं असतं, ते चालतं. 2850 किंवा 2900 दिसलं की हात मागं. प्लेट गळून पडली असेल तर वाइंडिंगवाल्याकडं न्या, तो कॉइल बघून पोल सांगतो. आणि मशीनच्या प्लेटवर चाकाचा वेग दिला असेल तर दोन्ही पुल्या टेपनं मोजून ताळा करा, कारण जुनी मोटारही आधीच्या मालकानं चुकीची बसवलेली असू शकते.

आता एचपी. मशीनवाल्यानं सांगितलेलाच घ्या. मोठी घेतली की जास्त कुट्टी निघते हा गैरसमज आहे. पाती बोथट असतील तर दहा एचपीही रडेल.

फेजचं मात्र दुकानात नाही, घरी ठरवा. गोठा गावठाण फीडरवर, म्हणजे गावाच्या वीज लाइनवर, असेल तर गोष्ट वेगळी. शेती फीडरवर असेल तर थ्री फेज बऱ्याच ठिकाणी आठवड्याच्या पाळीप्रमाणं येणार, कधी दिवसा कधी रात्री, आणि जनावरं पाळी बघून खात नाहीत. म्हणून सिंगल फेज घ्यायची तर दोन-तीन एचपीपर्यंतच, त्याला साजेल अशा लहान कुट्टीवर.

व्होल्टेज शिवारातल्या सगळ्यांच्या मोटारी चालू असताना मोजा, दुपारी लाइन मोकळी असताना नाही. 415 ची मोटार 340 वर चालवली तर तिचा जोर दोन तृतीयांशावर येतो, करंट वाढतो, आणि दाट वैरण आत गेली की ती हुंकारत उभी राहते. मग जळते. माझी पहिली अशीच गेली असावी.

बॉडी पूर्ण बंद, मागं पंखा असलेली, आयपी 55, म्हणजे धूळ-पाण्यापासून बंदिस्त. जाळीची उघडी मोटार स्वस्त पडते, पण कुट्टीचा भुसा महिन्याभरात आत गादी घालतो. वाइंडिंग तांब्याचं. बिलावर तसं लिहून घ्या, आणि हो, बिलावर आरपीएमही लिहून घ्या. दुकानदार कुरकुरतो, "एवढं कोण लिहितं?" म्हणतो. लिहायला लावा. मला परत करताना हेच नडलं: बिलावर नुसतं "5 एचपी मोटार". बाराशे रुपये कापून बदलून दिली.

रिवाइंड केलेली, म्हणजे वाइंडिंग नव्यानं भरलेली, घेत असाल तर प्लेटवर विसंबू नका, बॉडी एकीची आणि प्लेट दुसरीची असू शकते. दुकानातच चालवून आरपीएम मीटर लावायला सांगा. मीटर नसेल तर दुसरं दुकान.

स्टार्टर पाच एचपीला साधा डीओएल, म्हणजे मोटार थेट लाइनवर घेणारा, पुरतो. रिले प्लेटवरच्या अँपिअरवर लावा, साधारण सात-साडेसात. सारखा पडतो म्हणून वायरमन बारावर नेऊन ठेवतात, तसं करू देऊ नका. सिंगल फेजिंगचं, म्हणजे तीनातली एक फेज गेली तर मोटार बंद करणारं, प्रोटेक्शन हवंच.

बाकी पटापट. अर्थिंग. केबलला जोड नको. पट्टा अंगठ्यानं दाबून थोडा दबावा. पट्ट्यावर जाळी. फिरण्याची दिशा पट्टा काढून बघा, उलटी असेल तर दोन फेज बदला. पहिल्या दिवशी अर्धा तास चालवून बोल्ट पुन्हा आवळा. टेम्पोत मोटार चढवण्याआधी प्लेटवरचं प्लास्टिक फाडून आरपीएम बघा. फाडा, बदलून देणार नाही म्हणाला तरी फाडा.