‘सेट’ पाठ करायची सोपी ट्रिक
इंग्रजीतल्या ‘सेट’ (set) शब्दाचे अर्थ घोकत बसू नका राव, ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत त्या एका शब्दाचे ४३० च्या आसपास अर्थ होते, वेड लागेल. त्यापेक्षा शेजारचा शब्द बघा आणि जोडीला आपलं क्रियापद लिहून ठेवा. अलार्म असेल तर लावला, सूर्य असेल तर मावळला, सिमेंट असेल तर धरलं, दही असेल तर लागलं. मागे बारका शब्द आला की मात्र सगळंच फिरतं, पहाटे सिंहगडाला निघालो तर ‘सेट ऑफ’ पण फटाक्याबरोबर तेच आलं तर उडवला, आणि ‘इट सेट मी बॅक टू थाउजंड’ म्हणजे दोन हजारांना पडलं! मी आपला लक्ष्मी रोडच्या साडीवरून असंच बोललो, मित्राला वाटलं दोन हजार परत मिळाले.